उलटतपासाची तयारी: शेवटचा युक्तिवाद आधी लिहा

सत्र न्यायालयात बचावाची कामं नव्यानं घेणाऱ्या वकिलांना वाटतं की उलटतपास म्हणजे साक्षीदाराला पिंजऱ्यात घाम फोडणं. घाम रेकॉर्डवर येत नाही. साक्ष ऐकणाऱ्या न्यायाधीशांची बदली होते आणि निकाल नवे न्यायाधीश लिहितात, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. अपिलात तर पेपरबुकातल्या, म्हणजे खटल्याच्या कागदांच्या बांधीव संचातल्या, पानांशिवाय कुणी काही पाहिलेलंच नसतं. तुमचा चढलेला आवाज, साक्षीदाराचं चाचरणं, मागच्या बाकावरची कुजबुज, यातलं एक अक्षर त्या पानांवर नसतं.

मी खुनाची, दरोड्याची आणि हुंडाबळीची प्रकरणं बचावाच्या बाजूनं चालवते. माझी पद्धत उलट्या टोकानं सुरू होते. शेवटचा युक्तिवाद आधी कच्चा लिहायचा, मग त्यातल्या प्रत्येक वाक्याला कोणत्या साक्षीदाराचं कोणतं उत्तर लागेल ते ठरवायचं आणि मगच प्रश्न लिहायला घ्यायचे. ज्या प्रश्नाला युक्तिवादात जागा नाही तो विचारायचा नाही, मग तो कितीही खुसखुशीत असो.

दोषारोपपत्र हातात आलं की ते लावलेल्या क्रमानं वाचू नका. तो क्रम तपासी अंमलदारानं त्याच्या सोयीनं लावलेला असतो. वहीचं एक पान घ्या आणि वेळा मांडा. घटना किती वाजता, ठाण्यात खबर किती वाजता, स्टेशन डायरीला नोंद किती वाजता, फिर्याद कधी दाखल, इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे प्रेताचा पंचनामा, कधी सुरू आणि कधी संपला, शवविच्छेदन कधी, आरोपीला अटक कधी दाखवली, जबाब कोणत्या तारखांना. एफआयआरच्या छापील नमुन्यात शेवटी 15 वा रकाना असतो, प्रत न्यायालयाकडे कधी पाठवली त्याचा. पुष्कळ वेळा तो कोरा असतो. मूळ प्रतीवर मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या सहीखाली मिळाल्याची तारीख असते. ती पाहायला रेकॉर्डची प्रत्यक्ष तपासणी करा, झेरॉक्सवर विसंबू नका.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालते. बांधावरून जुना वाद. रात्री साडेनऊला शेतात खून. फिर्याद रात्री सव्वाअकराला आरोपीचं नाव घालून दाखल झाली, असं कागद सांगतो. पण सकाळी आठच्या इन्क्वेस्ट पंचनाम्यावर गुन्हा क्रमांक नाही, किंवा आहे तो वेगळ्या शाईत, दोन ओळींच्या मध्ये घुसवलेला. डॉक्टरांना दिलेल्या पत्रातही क्रमांक नाही. एफआयआरची प्रत मॅजिस्ट्रेटकडे पोचली तिसऱ्या दिवशी. हे तीन कागद शेजारी ठेवले की फिर्याद रात्री लिहिली गेली का, हा प्रश्न उभा राहतो. मात्र इन्क्वेस्टमध्ये आरोपीचं नाव नाही, एवढ्यावर उड्या मारू नका. तो पंचनामा मृत्यू कशानं झाला हे पाहण्यापुरता असतो, मारणाऱ्याचं नाव त्यात असलंच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं कधीच सांगून ठेवलंय.

कागद वाचून झाले की बचाव कोणता ते ठरवा. आरोपी तिथे नव्हताच? तिथे होता पण मारलं दुसऱ्यानं? मारलं, पण स्वसंरक्षणात किंवा अचानक भडकलेल्या भांडणात? यातलं एकच घ्यायचं. पहिल्या साक्षीदाराला "आरोपी त्या दिवशी गावातच नव्हता" आणि तिसऱ्याला "तुम्हीच आधी कोयता उगारला" असं सुचवणारे वकील मी दर महिन्याला पाहते. युक्तिवादाच्या दिवशी सरकारी वकिलांना मग बोलावंच लागत नाही, फक्त दोन पानं वाचून दाखवायची असतात.

आणि अशी सूचना, म्हणजे बचावाची बाजू प्रश्नातून साक्षीदारापुढे मांडणं, ही हवेतली वाफ नव्हे. बाळू सुदाम खळदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की बचावाच्या वकिलानं साक्षीदाराला केलेली सूचना आणि तिला मिळालेलं उत्तर हा पुराव्याचा भाग असतो, आणि ते आरोपीविरुद्धही वापरता येतं. एकट्या सूचनेवर शिक्षा होत नसली तरी बाकी पुराव्याला ती जोड देते. "मयताने शिवीगाळ केल्यामुळे झटापट झाली, हे म्हणणे खरे आहे काय?" असं विचारलंत की आरोपी तिथे होता हे तुम्ही कबूल केलंत. म्हणून माझ्या वहीत सूचनांचं पान वेगळं असतं. त्यातली प्रत्येक ओळ आरोपीशी आधी बोलून झालेली असते, आणि बचाव ठरायच्या आधी ते पान कोरंच राहतं.

आरोपीशी बोलताना "तू केलंस का?" हा प्रश्न मी विचारत नाही. त्यानं काही साधत नाही. त्या दिवशी सकाळपासून काय काय केलं, कुणाला भेटला, फोन कुठला होता, पोलिसांनी नेमकं कधी आणि कुठून उचललं, हे विचारते. शेवटचं उत्तर आणि अटक पंचनाम्यातली वेळ क्वचितच जुळतात. फोनचा सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, किंवा सीसीटीव्हीचं चित्रण बचावाला हवं असेल तर अर्ज लगेच करा. चित्रणावर नवं चित्रण चढतं, आणि कंपन्याही नोंदी जन्मभर सांभाळत नाहीत.

आता विसंगती सिद्ध करण्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त पाणी इथेच मुरतं. साक्षीदाराला त्याच्याच आधीच्या लेखी म्हणण्यानं खोडायचं, ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम 145 म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 148, आणि पोलिसांसमोरच्या जबाबाचा वापर कसा करायचा ते सांगणारं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 162 म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 181. 1 जुलै 2024 पूर्वी सुरू झालेले खटले जुन्या कायद्यानं चालतायत, त्यामुळे पुढची काही वर्षं दोन्ही आकडे डोक्यात ठेवावेच लागतील.

पोलिसांसमोरचा जबाब बचाव पक्षाला एकाच कामासाठी वापरता येतो: ज्यानं तो दिला, त्याच साक्षीदाराची साक्ष खोडण्यासाठी. एकाचा जबाब दुसऱ्याच्या तोंडावर मारता येत नाही. फिर्यादीची फिर्याद दाखवून साक्षीदार क्रमांक 3 ला "यात असं का लिहिलंय?" विचारणं म्हणजे वेळ घालवणं. तो म्हणेल, मला माहीत नाही, आणि ते बरोबर असेल.

आपल्या उदाहरणातला प्रत्यक्षदर्शी कोर्टात म्हणाला की त्यानं आरोपीला मोटरसायकलच्या उजेडात ओळखलं. जबाबात उजेडाचा उल्लेखच नाही. हा लोप, कोर्टातल्या भाषेत ओमिशन. तो असा आणायचा. आधी उजेडाच्या बाकीच्या वाटा बंद करा. बांधावर विजेचा खांब नाही? नाही. तुमच्या हातात बॅटरी नव्हती? नव्हती. म्हणजे उजेड फक्त मोटरसायकलचा? हो. मग जबाबाकडे वळा. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी जबाब घेतला, वाचून दाखवला, तो बरोबर होता? हो. आणि शेवटी: मोटरसायकलचा दिवा चालू होता आणि त्या उजेडात आरोपीला ओळखलं, असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?

तो "सांगितलं होतं" म्हणणार. मग रेकॉर्डवर हे वाक्य यायला हवं: "मोटरसायकलचा दिवा चालू होता व त्या उजेडात मी आरोपीस ओळखले, असे मी पोलिसांना जबाब देतेवेळी सांगितले होते. ते माझ्या जबाबात का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही." संपलं. इथून पुढच्या विषयाकडे जा. नवखा वकील इथे हमखास विचारतो, "मग अंधारात ओळखलं कसं?" आणि साक्षीदार म्हणतो, "साहेब, एका गावचे, लहानपणापासून बघतोय, चालीवरून ओळखला." उजेडाची जी भिंत तुम्ही पाडलीत ती तुम्हीच पुन्हा उभी करून दिलीत.

जबाबात लिहिलेलंच वेगळं असेल, म्हणजे कॉन्ट्रॅडिक्शन, तर पद्धत थोडी निराळी. समजा कोर्टात तो म्हणतो, वार करताना पाहिलं. जबाबात म्हणतो, आरडाओरड ऐकून गेलो तेव्हा आरोपी पळताना दिसला. तर जबाबातला नेमका तेवढा भाग त्याला वाचून दाखवायचा, जबाब तोंडी गोळाबेरीज करून सांगायचा नाही. असं सांगितलं होतं का? कबूल केलं तर तिथेच सिद्ध झालं. नाकारलं तर त्या भागाला "पोर्शन मार्क ए" अशी खूण करून घ्यायची. ही नुसती खूण आहे, पुरावा नव्हे. तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला की त्याला विचारायचं की साक्षीदार क्रमांक 2 यानं "ए" भागातला मजकूर सांगितला होता का. तो हो म्हणाला की त्या भागाला निशाणी क्रमांक पडतो, म्हणजे तो पुराव्यात येतो. 1959 च्या तहसीलदार सिंग निकालापासून 2015 च्या व्ही. के. मिश्रा निकालापर्यंत सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलंय. तरी तपासी अंमलदाराला न विचारल्यामुळे वाया गेलेल्या खुणा प्रत्येक जिल्ह्यातल्या रेकॉर्डरूममध्ये सापडतील.

ओमिशनसाठीही अंमलदाराकडे परत यावंच लागतं: "साक्षीदाराने मोटरसायकलच्या उजेडाबाबत माझ्यासमोर सांगितले नव्हते, हे म्हणणे खरे आहे." म्हणून प्रत्येक साक्षीदाराची साक्ष झाली की त्याच संध्याकाळी अंमलदाराच्या नावाच्या पानावर त्या खुणा आणि लोप उतरवून ठेवा.

सगळेच लोप मोलाचे नसतात. कलम 162 चं स्पष्टीकरण सांगतं की लोप महत्त्वाचा असेल आणि त्या संदर्भात विसंगतीइतका ठरत असेल तरच तो मोजायचा. आरोपीच्या शर्टाचा रंग जबाबात नाही, कुत्रं भुंकलं हे नाही, यावर तास घालवलात की न्यायाधीश मनातून तुमच्यापासून दूर जातात आणि खऱ्या लोपापाशी पोचेपर्यंत त्यांचं पेन खाली गेलेलं असतं. दोन-तीन निवडा.

उजेडाचं काम अजून अर्धं राहिलंय. घटनास्थळ पंचनाम्यात मोटरसायकल आहे का? चाकाच्या खुणा? जप्त केली का? नसेल तर पंचाला प्रश्न इतकाच की पंचनाम्याच्या वेळी तिथे दिसलेल्या सगळ्या गोष्टी लिहिल्या होत्या ना. अंमलदाराला प्रश्न की मोटरसायकल जप्त केलेली नाही हे खरं ना. तीन साक्षीदारांची तीन छोटी उत्तरं, आणि युक्तिवादात त्यांचा एक परिच्छेद.

निवेदन पंचनाम्याकडे, म्हणजे आरोपीनं सांगून वस्तू काढून दिल्याच्या पंचनाम्याकडे, नव्या मुलांचं लक्ष कमी जातं, म्हणून थोडं सविस्तर. पंच सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, सांगायला लागतो, "आरोपी म्हणाला, ज्या कोयत्याने मी खून केला तो..." इथे गप्प बसायचं नाही. कबुलीचा भाग टंकित व्हायच्या आत हरकत घ्या. 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, पुलुकुरी कोटय्या प्रकरणात घालून दिलेली रेघ अजून तीच आहे: वस्तू काढून देण्यापुरतं आणि त्यातून जे थेट उघड झालं तेवढंच ग्राह्य, त्या वस्तूनं आरोपीनं काय केलं हे नाही. जुन्या कलम 27 मधला मजकूर आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 च्या परंतुकात आहे.

पंचाला विचारायचं ते पावलापावलाचं. ठाण्यातून किती वाजता निघालात, कोणत्या गाडीत, गाडीत कोण कोण, गाडी कुणी थांबवायला सांगितली. जागा उघड्यावर आहे, लोकांची ये-जा आहे. तिथे घर कुणाचं आहे. कोयता कागदात गुंडाळला की कापडात, लाखेचं सील कुणी लावलं, लेबलवर तुमची सही कुठे. पंच याआधी त्याच ठाण्याच्या किती पंचनाम्यांना होता. पुढचा दुवा मुद्देमालाचा: जप्तीपासून न्यायसहायक प्रयोगशाळेत जाईपर्यंत कोयता कुणाच्या ताब्यात होता, मुद्देमाल रजिस्टरला नोंद आहे का, नेणाऱ्या पोलीस शिपायाची साक्ष झाली का. सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, "मानवी रक्त, गट निश्चित करता आला नाही" असं असेल तर डोळे मिटून पुढे जाऊ नका, त्या वाक्याची युक्तिवादात किंमत आहे. नव्या संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायचं असतं. ते दोषारोपपत्रासोबत मिळालं नसेल तर आरोप निश्चितीच्या आधीच लेखी मागा.

फक्त परिस्थितीजन्य पुरावा असेल तर 1984 च्या शरद बिरधीचंद सारडा निकालातल्या पाच कसोट्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि सरकार पक्षाच्या साखळीतली प्रत्येक कडी त्यांच्यासमोर मांडा. सगळ्या कड्यांवर घाव घालायची गरज नसते. बहुतेक वेळा "शेवटचं एकत्र पाहिलं" आणि मृत्यू यांच्यात किती वेळ गेला, तिथेच साखळी ढिली असते. त्यासाठी डॉक्टरांकडून दोन-तीन उत्तरं पुरतात: पोटातलं अन्न कोणत्या अवस्थेत होतं, प्रेताची ताठरता कुठपर्यंत होती, हवेच्या उष्णतेनं त्यात फरक पडतो का. डॉक्टरांशी त्यांच्या विषयात वाद घालू नका. हत्यार त्यांना दाखवलं होतं का आणि मत मागितलं होतं का, हे विचारून बसा.

साक्षीदार फितूर झाला, म्हणजे सरकार पक्षाची बाजू सोडून बोलला, की बचावाच्या टेबलावर हसू फुटतं. सावकाश. फितूर साक्षीदाराची साक्ष पुसली जात नाही, त्यातला विश्वासार्ह भाग न्यायालय उचलू शकतं. सरकारी वकिलांनी त्याचा उलटतपास घेताना आरोपीचं घटनास्थळी असणं त्याच्या तोंडून काढलंय का, ते पाहा. काढलं असेल तर "नो क्रॉस", म्हणजे उलटतपास घ्यायचा नाही, असं म्हणून मोकळं होऊ नका.

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेच्या चारित्र्यावर प्रश्न कायद्यानं बंद आहेत, आणि ते बंद नसते तरी मी विचारले नसते. वेळ, जागा, कागद यांवर भरपूर विचारता येतं. पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, तर कलम 33 प्रमाणे तुमचे प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि त्यांनी ते मुलाला विचारायचे. म्हणून प्रश्न कागदावर, छोट्या वाक्यांत, नातेवाइकांच्या नावानिशी लिहून न्या. "सदर इसम" मुलाला कळत नाही.

आता प्रत्यक्ष कोर्टहॉल. साक्ष बहुतेक करून कथनाच्या रूपात लिहिली जाते. तुम्ही प्रश्न विचारता, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश दोन्ही मिळून एक वाक्य स्टेनोला सांगतात. त्या एका वाक्यात खटला फिरू शकतो. तुम्ही विचारलंत, "आरोपीचा चेहरा दिसला नाही ना?" साक्षीदार मान हलवून म्हणाला, "नीट नाही." टंकित झालं, "मला आरोपीचा चेहरा दिसला." पडद्यावर नजर ठेवा. ज्युनियरला शेजारी बसवा, त्यानं तुमचे शब्द आणि साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आणि त्यानं दुसरं काही करायचं नाही. चूक दिसली की त्याच क्षणी उठा, "साहेब, साक्षीदार 'नीट नाही' म्हणाला, तेवढं घ्यावं." साक्षीदाराची सही झाल्यावर उठण्यात अर्थ नाही. उत्तर घुमवून दिलेलं असेल तर प्रश्नोत्तर रूपात घेण्याची विनंती करा. ते न्यायाधीशांच्या मर्जीवर असतं, पण कारण सांगून मागितलं तर बहुतेक जण देतात. मान हलवली, बोट दाखवलं, हातांनी अंतर दाखवलं, तर ते शब्दांत यायला हवं: "साक्षीदार न्यायाधीशांच्या आसनापासून दरवाजापर्यंतचे अंतर दाखवतो."

प्रश्नात एकच गोष्ट ठेवा. "तुम्ही आठ वाजता घरी गेलात आणि जेवून झोपलात?" याला "हो" मिळालं तर ते नेमकं कशाला, यावर पुढे वाद होतो. सूचक प्रश्न उलटतपासात चालतात, ती मुभा वापरा. आणि आवाज खाली ठेवा. ओरडलं की साक्षीदार सावध होतो, सरकारी वकील उठतात, आणि स्टेनोला ऐकू येत नाही.

साक्षीची नक्कल हातात आली की कच्च्या युक्तिवादाशी ताडून पाहा. कोणत्या वाक्याला अजून उत्तर नाही? ते पुढच्या साक्षीदाराकडून मिळेल का, की आरोपीच्या कलम 313 च्या, म्हणजे आताच्या 351 च्या जबाबात लेखी निवेदनानं मांडता येईल? कुठेच जमत नसेल तर साक्षीदार परत बोलावण्याचा अर्ज, जुनं कलम 311, नवं 348. तो तपासी अंमलदाराची साक्ष संपायच्या आत केलेला बरा. नुसता वकील बदलला हे कारण चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये शिवकुमार यादव प्रकरणात म्हटलंय, आणि "नजरचुकीने राहून गेले" एवढंही पुरत नाही. कोणते प्रश्न राहिले, कोणत्या कागदावरचे, आणि त्यांच्या उत्तरांनी निकालावर काय फरक पडेल, हे अर्जात एकेक करून लिहा.